ब्राकेत्तो द'आक्वी या गोडसर इटालियन वाइनसोबत कोणतं डेझर्ट चांगलं लागेल?

स्ट्रॉबेरी टार्ट, बेरींचा पन्ना कोत्ता (सायीचं घट्ट, थंड इटालियन पुडिंग) किंवा साधारण ६० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट. इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या आक्वी तेर्मे परिसरातल्या या फेसाळ लाल वाइनचं आंबवणं थंडावा देऊन मध्येच थांबवतात. त्यामुळे द्राक्षाची साखर उरते, अल्कोहोल ५-७ टक्क्यांच्या आसपासच राहतं आणि गुलाब-स्ट्रॉबेरीचा वास टिकतो; म्हणून लाल फळांशी तिचं छान जमतं. ८-१० अंशांवर द्या. मात्र डेझर्ट या वाइनपेक्षा गोड नको. पाकातल्या मिठाईपुढे ती आंबट, पाणचट लागते. तिरामिसू हे कॉफीचं इटालियन डेझर्ट बरेच जण सुचवतात, पण कॉफीचा कडूपणा तो नाजूक वास पार झाकून टाकतो. बाटली साठवू नका, वर्ष-दीड वर्षात संपवा.