मोकळ्या डोंगरात क्षयरोग कसा?

प्रश्न : माझा मुलगा जोहान्सबर्गला नोकरीला आहे. क्षयरोग दाटीवाटीच्या शहरांत पसरतो, हे समजतं. पण शेजारच्या लेसोथोच्या डोंगराळ गावांत तो इतका कसा? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, लेसोथोच्या एका दवाखान्यात मी काही वर्षं काम केलं. तिथल्या पुरुषांच्या कितीतरी पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत राबल्या. दगडाची सिलिका धूळ फुप्फुसात बसते, तिथे क्षयरोगाचं फावतं. त्यात एकेका खोलीत दाटीनं झोपणारे कामगार, आणि एचआयव्हीनं खचलेली प्रतिकारशक्ती. नाताळच्या सुट्टीत माणूस गावी येतो, सोबत खोकला येतो.

बाहेर हवा मोकळी, हे खरं. पण तिथला हिवाळा जून-जुलैत, तेव्हा बर्फ पडतं. एका आजोबांच्या गोल दगडी झोपडीत गेले होते. तळहाताएवढी खिडकी, तीही चिंध्यांनी बुजवलेली. घोंगडीत गुरफटलेले आजोबा खोकत होते, कुशीत नातू. जंतू हवेतून जातो, ताटवाटीतून नाही. त्या नातवाला वेगळं ताट दिलं होतं, हे पाहून पोटात तुटलं.

मुलाला सांगा, मिनीबस टॅक्सीची खिडकी थंडीतही उघडी ठेव. खोकला दोन आठवडे टिकला, तर थुंकीची तपासणी लगेच करून घे.