'डेड मेन डोन्ट वेअर प्लेड' दाखवण्याआधी

कुडाळच्या आपल्या मंडळात हा सिनेमा तू दाखवतेयस, छानच. पण आधी एकटीने पूर्ण बघ गो. १९८२ चा, कृष्णधवल. स्टीव्ह मार्टिनचा गुप्तहेर १९४० च्या दशकातल्या गुन्हेपटांच्या तुकड्यांत शिरतो आणि त्या काळच्या नटांशी, थेट हम्फ्री बोगार्टशी बोलतो. जुन्या दृश्यांतला प्रकाश, कपडे, नजरेची दिशा, सगळं जुळवलंय. वेशभूषा एडिथ हेडची, तिचा हा शेवटचा सिनेमा. यावर मनसोक्त बोल.

अडचण रेचेल वॉर्डच्या पात्राशी येते. ती बेशुद्ध पडते, हा हेर तिच्या छातीला हात लावतो आणि ती शुद्धीवर आल्यावर फाजील खुलासा देतो. दशावतारातला विनोदी राक्षस संकासूर समोरचे चेहरे बघून शेरा गिळतो, पडद्याला ते जमत नाही. 'ही जुन्या सिनेमांची थट्टाच आहे' हा बचाव मला अर्धाच पटतो. टिंगल हेराच्या मर्दानगीची असती तर ठीक होतं, इथे हसं बाईच्या अंगावरून होतं.

प्रसंग कापू मात्र नकोस. सुरुवातीला दोन वाक्यांत सांगून टाक, माफी मागत बसू नकोस. 'तेव्हा चालायचं' म्हणणारे एखादे काका भेटतीलच. कोणाला चालायचं, एवढंच विचार. आणि सबटायटल्स आधी तपास, निम्मी गंमत बोलण्यातच आहे.