दुसरा टप्पा कधी पेटवायचा नाही?

प्रश्न : ताई, मी मूळचा सांगलीचा, सध्या ॲरिझोनात एमएस करतोय. हाय-पॉवर रॉकेटचं लेव्हल टू प्रमाणपत्र (मोठ्या मोटरी उडवायच्या परवानगीची दुसरी पायरी) माझ्याकडे आहे. आता दोन टप्प्यांचं रॉकेट बांधतोय : खाली के वर्गाची मोटर (रॉकेटची इंधन भरलेली नळी; ताकदीनुसार तिचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखतात), वर जे. वरची मोटर टायमरवर पेटवणार आहे. खालची विझल्यावर किती सेकंद थांबलो तर सगळ्यात जास्त उंची मिळेल? आणि दोन मोटरी आहेत म्हणून लेव्हल थ्री लागेल का?

उत्तर : लेव्हल थ्री लागणार नाही. इथे दोन्ही मोटरींच्या एकूण आवेगाची (जोर गुणिले तो लागण्याचा वेळ) बेरीज धरतात. के जास्तीत जास्त २,५६० न्यूटन-सेकंदांची, जे १,२८० ची, म्हणजे ३,८४०. लेव्हल टूची मर्यादा ५,१२० आहे. पण तुमच्या क्लबला एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने) किती उंचीपर्यंत परवानगी दिली आहे, ते आधी विचारून घे.

आता सेकंदांचं. थोडं थांबून पेटवलं तर उंची वाढते, हे खरं आहे. खालची मोटर विझते तेव्हा वेग भरपूर असतो आणि हवा दाट. तेव्हाच आणखी वेग दिला तर बरीच ताकद हवेशी झगडण्यात जाते. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून उडालेलं नाइकी-अपाची दोन टप्प्यांचंच होतं. त्यात खालचं नाइकी विझल्यावर हवेच्या रोधानेच मागे पडायचं, वरचं अपाची काही काळ नुसतंच वर जायचं आणि हवा विरळ झाली की पेटायचं. पण ते समुद्रावर उडत होतं. तुझ्या रॉकेटखाली मैदानात माणसं आणि गाड्या असणार.

थांबण्याच्या त्या काळात रॉकेट कलत जातं. ते ३० अंश कललेलं असताना वरची मोटर पेटली, तर तिचा अर्धा जोर आडवा लागतो. म्हणून तुझा प्रश्न मी उलटा करते : वरची मोटर कधी पेटवायचीच नाही, हे आधी ठरव. नुसत्या टायमरला रॉकेट कुठे तोंड करून आहे हे कळत नाही, तो वेळ झाली की पेटवतो. कल मोजणारा फ्लाइट कॉम्प्युटर घे. त्यात दोन अटी घाल. कल साधारण २० अंशांपेक्षा जास्त असेल तर पेटवायचं नाही. ठरल्या क्षणी उंची ओपनरॉकेट या उड्डाणाचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अंदाजापेक्षा बरीच कमी असेल तरीही नाही. मोटर न पेटता वरचा टप्पा पॅराशूटवर सुखरूप उतरला, तर ते उड्डाण माझ्या लेखी यशस्वी आहे. पहिल्या खेपेला खालची मोटर विझल्यावर एक-दोन सेकंदच थांब. उंची थोडी कमी मिळेल, मिळू दे.

रॉकेट कलतं त्याचं एक कारण दोन टप्प्यांचा सांधा. कपलर (दोन नळ्या जोडणारा आतला तुकडा) दोन्ही बाजूंना निदान नळीच्या व्यासाइतका आत जायला हवा. रॉकेट दोन्ही टोकांशी धरून हलकेच वाकवून बघ. सांध्यात खटखट जाणवली तर मास्किंग टेपचे वेढे देऊन ती घालव; टप्पे सहज सुटतील इतपतच घट्ट ठेव. स्थैर्याचा हिशेब दोनदा कर, अख्ख्या रॉकेटचा आणि भरल्या मोटरीसह एकट्या वरच्या टप्प्याचा. दोन्ही वेळा गुरुत्वमध्य (जिथे रॉकेट तोललं जातं) दाबमध्याच्या (जिथे हवेचा जोर एकवटतो) पुढे निदान एक व्यास हवा.

इग्नायटरकडे, म्हणजे मोटर विजेने पेटवणाऱ्या वातीकडे, फार कमी लोक नीट बघतात. रॉकेट झपाट्याने वर निघालं की आतली प्रत्येक सैल वस्तू शेपटीकडे ओढली जाते. मोटरीच्या पोकळीत वरच्या टोकाला टेकवलेला इग्नायटर अशा वेळी घसरून नोझलपाशी येतो, आणि मग मोटर उशिरा पेटते किंवा पेटतच नाही. उशिरा पेटणं जास्त वाईट, कारण अटी तपासून झालेल्या असतात आणि रॉकेट तोवर आणखी कललेलं असतं. इग्नायटर बारीक लाकडी काडीला बांध, काडी पोकळीच्या टोकापर्यंत सरकव आणि खाली नोझलशी पक्की चिकटव. इग्नायटर बॅटरीपासून तोडणारा स्विच रॉकेट रेलवर (उड्डाणाच्या उभ्या पट्टीवर) उभं राहीपर्यंत उघडा, म्हणजे जोडणी तुटलेला, राहिला पाहिजे. उभं केल्यावर आधी पॅराशूटचे अल्टिमीटर (उंची मोजून पॅराशूट सोडणारी यंत्रं) चालू कर, बीप ऐक, मग वरच्या टप्प्याचा स्विच लाव. खालच्या मोटरीचा इग्नायटर सगळ्यात शेवटी. हा क्रम कागदावर लिहून सोबत ने आणि दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांग.

प्रश्न : मी नागपूरला अकरावीत शिकते. अशी मोटर घरी बनवता येईल का?

उत्तर : नाही, आणि कुणी कृती पाठवली तरी करू नकोस. मोटरीतलं इंधनाचं मिश्रण ढवळताना, दाबून भरताना पेट घेऊ शकतं. शिवाय आपल्याकडे स्फोटकांसाठी १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम आहेत. परवाने देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय तुझ्याच शहरात आहे. ओपनरॉकेट मात्र फुकट मिळतं, त्यात दोन टप्प्यांची रॉकेटं हवी तितकी उडव. हाताने करायचं असेल तर बाटलीचं पाण्याचं रॉकेट कर, मोठ्या माणसाला सोबत घेऊन आणि बाटलीपासून लांब उभं राहून. उडवण्यापूर्वी ते जिथे बोटावर तोललं जातं तिथे दोरी बांध आणि मोकळ्या जागेत डोक्याभोवती गरगर फिरव. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवंतिडवं फिरलं तर नाकात थोडी माती भर किंवा पंख मोठे कर आणि पुन्हा फिरवून बघ.