‘ब्लेड रनर २०४९’वर लिहायला बसशील तेव्हा

प्रिय मित्रा,

‘ब्लेड रनर २०४९’च्या परीक्षणाचा तुझा खर्डा दोनदा वाचला. सिनेमा तुला मनापासून आवडलाय हे ओळीओळीत जाणवतं, आणि कुठेतरी खटकलाय हेही लपत नाही. पण “दृश्यं अप्रतिम, गोष्ट मात्र संथ” हे तुझं मुख्य वाक्य आणखी पन्नास सिनेमांना जसंच्या तसं चिकटेल. फक्त याच सिनेमाला लागू पडेल असं काय आहे, ते शोधायचंय. त्यासाठी कसं बघायचं आणि कसं लिहायचं, ते सांगतो.

सुरुवात पहिल्या भागापासून कर. रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ १९८२चा, आणि त्याच्या एकापेक्षा जास्त आवृत्त्या आहेत. तू २००७ची ‘फायनल कट’ बघ, ११७ मिनिटांची. १९८२ साली थिएटरात लागलेल्या आवृत्तीत नायक डेकार्डचं निवेदन होतं आणि शेवटी सुखाचा तुकडा जोडलेला होता. ‘फायनल कट’मध्ये हे दोन्ही नाही. उलट एकशिंगी घोड्याचं स्वप्न आहे, आणि त्यामुळे रेप्लिकंटांना, म्हणजे कृत्रिम माणसांना, शोधून मारणारा डेकार्ड स्वतःच रेप्लिकंट आहे की काय अशी शंका उभी राहते. कुठली आवृत्ती पाहिलीस ते परीक्षणात एका ओळीत नोंदव. दुसऱ्या भागाला वारशात काय मिळालं, ते त्यावर ठरतं. दोन्ही भागांच्या मध्ये निदान एक दिवस जाऊ दे. लागोपाठ पाहिलेस तर साम्यं मोजण्यातच सगळं लक्ष जाईल.

दुसरा भाग, म्हणजे ‘२०४९’, दोनदा पाहायचा. पहिल्यांदा वही नको, थांबवणं नको, आणि कृपा करून फोनवर नको. मॉर्टन या फरारी रेप्लिकंटच्या स्वयंपाकघरातला सुरुवातीचा प्रसंग जवळजवळ काळोखात आहे. नायक के तिथे आधीच बसलेला आहे हे सावकाश लक्षात यायला हवं, आणि दिवसाच्या उजेडात लहान पडद्यावर ते हरवतं. खोलीत अंधार कर, आवाज चांगल्या हेडफोनवर ऐक. दुसऱ्यांदा वही घे आणि पानावर तीन रकाने आख: ‘आलेलं’, ‘फिरवलेलं’, ‘नवं’. प्रत्येक नोंदीपुढे मिनिट लिही. लिहिताना याच मिनिटांवर भिस्त ठेवायची आहे, आठवणीवर नाही.

‘आलेलं’ हा रकाना भराभर भरतो. सुरुवातीचा डोळा, पाऊस, इमारतीएवढ्या जाहिराती. पण पुष्कळ परीक्षणं या रकान्यातच अडकतात आणि खुणा ओळखल्याच्या आनंदालाच सिनेमाची ताकद समजतात. सगळा कस मधल्या रकान्यात लागतो. एक जागा दाखवतो. पहिल्या भागात भावनांची चाचणी असते, समोरचा माणूस आहे की रेप्लिकंट ते पकडण्यासाठी. दुसऱ्या भागात के हा रेप्लिकंट असूनच पोलिसात आहे, सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि चाचणी होते ती त्याच्यात भावना उगवली नाही ना हे तपासण्यासाठी. पांढऱ्या खोलीत आवाज येतो, प्रिय व्यक्तीचा हात हातात घेतल्यावर कसं वाटतं, आणि के ने उत्तर न देता फक्त ठरलेला शब्द परत म्हणायचा. शब्द नाबोकोव्हच्या ‘पेल फायर’मधले आहेत, तेच पुस्तक के च्या घरीही दिसतं. पहिल्यांदा तो शब्द फेकल्यासारखे म्हणतो. दुसऱ्या वेळी, रेप्लिकंटांसाठी आठवणी घडवणाऱ्या अनाला भेटून आल्यावर, खोली तीच, शब्द तेच, पण आवाज अडखळतो आणि तो नापास होतो. वरिष्ठ जोशी त्याला अठ्ठेचाळीस तास देते. हे दोन प्रसंग एकापाठोपाठ लाव, डोळे मिटून नुसते ऐक आणि श्वास कुठे पडतो ते टिपून घे. के झालेल्या रायन गॉसलिंगचं काम चांगलं आहे असं लिहिण्यापेक्षा ते दोन श्वास लिही.

आता गाभा. पहिला भाग विचारतो, माणूस कुणाला म्हणायचं? दिग्दर्शक देनी विलनव्ह आणि पटकथाकार हॅम्प्टन फँचर (पहिल्या भागाच्या लेखनातही तो होता) व मायकेल ग्रीन यांनी तोच प्रश्न घोळवत बसण्याऐवजी पुढचा विचारला: आपण खास नाही हे कळल्यावर माणूस कसा वागतो? झाडाखाली पुरलेल्या पेटीत हाडं सापडतात, हाडावर अनुक्रमांक दिसतो, म्हणजे एका रेप्लिकंट स्त्रीने मूल जन्माला घातलंय. मुळाशी कोरलेली तारीख आणि लाकडी घोड्याची आठवण जुळत जाते आणि के ला वाटायला लागतं, ते मूल मीच. आपल्यालाही तसंच वाटतं, कारण असे सिनेमे असंच सांगतात याची आपल्याला सवय झालेली असते. मग बंडखोर रेप्लिकंटांची म्होरकी फ्रेसा सांगते, ते मूल मुलगी होती. आठवण खरी आहे, पण दुसऱ्या कुणाची. निवडलेल्या नायकाची गोष्ट इतकी सरळ मोडणारे दुसरे भाग फार थोडे. १९८६च्या ‘एलियन्स’ने पहिल्या भागाची भयकथा सोडून युद्धकथा केली, १९९१च्या ‘टर्मिनेटर २’ने मारेकऱ्याला रक्षक केलं. तेही मोठे बदल होते. पण तिथे नायक नायकच राहिला. इथे नायकपणच काढून घेतलं आहे, आणि त्यानंतर के जे करतो ते कुणी न सांगता करतो. बंडखोर त्याला डेकार्डला मारायला सांगतात, तो त्याला वाचवतो.

जॉयचा, म्हणजे के ने विकत घेतलेल्या आभासी प्रेयसीचा, धागा याच गाभ्याशी बांधलेला आहे, तो खर्ड्यात एका ओळीत उरकला आहेस. गच्चीवर पहिल्यांदा पावसात उभी राहिलेली जॉय के च्या जवळ येते, आणि तेवढ्यात कार्यालयाचा निरोप येतो व तिचं चित्र तिथेच गोठतं. विकत घेतलेलं प्रेम म्हणजे काय, ते एका शब्दाविना कळतं. ती त्याला ‘जो’ हे नाव देते. पुढे ती नष्ट झाल्यावर पुलावर जॉयची प्रचंड गुलाबी जाहिरात वाकून त्याला तेच नाव देते. म्हणजे ते नावही साच्यातलंच होतं. या दोन जागा जवळजवळ ठेवून वाचकाला दाखव. स्पष्टीकरण दोन ओळींच्या वर जाऊ देऊ नकोस.

प्रकाशाबद्दल लिहिताना ‘डोळे दिपवणारा’ हा शब्द खोडून टाक. छायालेखक रॉजर डीकिन्सला या कामासाठी ऑस्कर मिळालं, चौदाव्या नामांकनात पहिल्यांदा. हे लिहायला हरकत नाही, पण पुरस्कार हा पुरावा होत नाही. पुरावा असा द्यायचा: रेप्लिकंट बनवणारा उद्योगपती वॉलेस याच्या इमारतीत खिडकी नाही, तरी पाण्यावरून परतलेला उजेड भिंतींवर सतत हलत असतो. माणसं स्थिर उभी असली तरी सावल्या सरकतात. हा उजेड सेटवरच प्रत्यक्ष दिव्यांनी साधलेला आहे. लास व्हेगासचा नारिंगी धुरळा २००९च्या सिडनीतल्या धुळीच्या वादळावरून घेतला आहे. शहराच्या आणि कचऱ्याच्या डोंगरांच्या बऱ्याच दृश्यांसाठी न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने छोट्या प्रतिकृती बांधल्या. म्हणून त्या जगाला वजन आहे, आणि ‘खरं वाटतं’ या तुझ्या वाक्यामागचं मोठं कारण हेच आहे.

आता दोष. इथे तू घाबरलास असं वाटतं. आवडलेल्या सिनेमाचे दोष नेमके सांगणं हीसुद्धा त्याची कदर आहे.

“संथ” हा दोष म्हणून सरसकट लावू नकोस. सिनेमा पावणेतीन तासांच्या आसपास आहे आणि डेकार्ड दिसेपर्यंत दीड तास उलटून जातो, हे खरं. पण कसोटी अशी लाव: हा प्रसंग निम्मा केला तर काय जाईल? अनाथालयाच्या भट्टीकडे के पावलापावलाने जातो, राखेत हात घालतो, कापडात गुंडाळलेला घोडा निघतो. तिथे लांबी हवीच, कारण घोडा सापडू नये असंही त्याला वाटत असावं. सापडला तर सगळं आयुष्य बदलणार आहे. हे निम्मं केलंस तर ती भीती जाते. आता वॉलेस नव्याने बनलेल्या रेप्लिकंट स्त्रीसमोर बोलतो तो प्रसंग घे. त्याला स्वतःहून प्रजनन करणारे रेप्लिकंट हवेत, हे दोन वाक्यांत कळतं. उरलेलं भाषण धर्मग्रंथाच्या थाटात तेच पुन्हा सांगतं, आणि शेवटी तो तिला मारतो, तेव्हा त्याच्याबद्दल नवं काही कळत नाही. निम्मा केला तरी काही जाणार नाही. घड्याळ लावून दोन्ही प्रसंग मोज आणि आकडा लिही.

दुसरा दोष जास्त गंभीर. उघडं ठेवणं आणि अर्धवट सोडणं यांत फरक आहे, आणि या सिनेमात दोन्ही आहेत. डेकार्ड माणूस की रेप्लिकंट, हे उघडं ठेवलंय. के त्याच्या कुत्र्याकडे बघून विचारतो, हा खरा आहे का? डेकार्ड म्हणतो, मला माहीत नाही, त्यालाच विचार. पहिल्या भागाच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर सुचणं कठीण. के चा निर्णय त्या उत्तरावर अवलंबून नाही, म्हणून ते न मिळाल्याने काही अडत नाही. वॉलेसचं मात्र अर्धवट आहे. तो जिवंत आहे, मूल त्याला हवंच आहे, आणि सिनेमा त्याच्याकडे परत वळत नाही. बंडखोरांची फौज एका प्रसंगात येते आणि विरते. पहिल्या भागातला टायरेल आठव: मोजके प्रसंग, मग त्यानेच घडवलेल्या रेप्लिकंटच्या हातून मरण, हिशेब पुरा. इथे तिसऱ्या भागाची सामग्री दुसऱ्यात आणून ठेवल्यासारखी वाटते. मालिकांच्या मधल्या भागांना हा रोग हमखास होतो. पण न्याय्य राहा: डेकार्ड समुद्रात बुडाला असं सगळे समजतील, असं के त्याला सांगतो. पटकथेने भोक बुजवलंय, फक्त एका वाक्याने. ते वाक्य लिही आणि मगच म्हण की ते पुरेसं नाही.

तिसरा मुद्दा स्त्रियांचा. रेचेल, पहिल्या भागातली डेकार्डची प्रेयसी, आधी हाडांच्या रूपात येते, मग प्रतिकृती म्हणून येते; तिचे डोळे हिरवे होते असं डेकार्ड म्हणतो आणि वॉलेसची हस्तक लव्ह तिला लगेच गोळी घालते. पहिल्या भागात तिचे डोळे तपकिरी आहेत. म्हणजे डेकार्ड मुद्दाम नाकारतोय असा अर्थ लागतो आणि प्रसंग जिंकतो, पण बाई पुन्हा एक वस्तू म्हणूनच मरते. त्या जगात स्त्रिया विकल्या जातात हे दाखवणं ठीक आहे. कॅमेरा कुठे थांबतो आणि किती वेळ, ते बघून ठरव. आणि मुख्य म्हणजे अना, तेच हरवलेलं मूल. सगळी गोष्ट जिच्यासाठी, ती काचेच्या घुमटात आठवणी घडवत बसलेली, वाट्याला जेमतेम दोन भेटी. आता हे बघ: अनाला लपवलं म्हणूनच के ची फसगत आणि फ्रेसाचा घाव जमतो. जिथून सिनेमाचं बळ येतं तिथूनच हा उणेपणा येतो. अनाला आधी पुढे आणलं असतं तर रहस्य फुटलं असतं. परीक्षणातला तुझा सगळ्यात चांगला परिच्छेद इथे आहे. आधी गुण आणि मग दोष असे दोन ढीग घालू नकोस, ही गाठ उकलून दाखव.

तिकीटखिडकीचा उल्लेख एका वाक्यापुरता ठेव. दोन्ही भाग आपापल्या वेळी अपेक्षेइतके चालले नाहीत; त्यावरून दर्जा ठरत नाही, खालीही नाही आणि वरही नाही.

मांडणी अशी कर. एकूण १२०० शब्द धर. कथानक १५० शब्दांत, आणि हाडावरच्या अनुक्रमांकापर्यंतच सांग. मूल कोण ते उघड करायचं असेल तर त्या परिच्छेदाच्या आधी स्पष्ट सूचना दे. पण अनाचा मुद्दा लिहिणार असशील तर ते टाळता येणार नाही, म्हणून तो भाग शेवटाकडे ने. पहिल्या भागाची ओळख ८० शब्दांत आटप. प्रत्येक विधानामागे किमान एक प्रसंग हवा. प्रसंग सापडत नसेल तर विधान काढून टाक. दुसऱ्यांची परीक्षणं तुझा दुसरा खर्डा पुरा होईपर्यंत वाचू नकोस.

शेवटच्या प्रसंगाबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. के बर्फात पायऱ्यांवर पडलेला असतो, आणि पार्श्वसंगीतात पहिल्या भागातली पावसातल्या मरणाची व्हॅन्जेलिसची धून परत येते. ती उसनवारी आहे की के ने ती कमावली आहे? माझ्या मते कमावली आहे, कारण इथे मरणारा काही बोलत नाही, आणि ऐकायलाही कुणी नाही. तुझं मत वेगळं असू शकेल. तो प्रसंग एकदा आवाज बंद करून आणि एकदा आवाजासह बघ, आणि दुसऱ्या खर्ड्यात त्यावर निदान शंभर शब्द पाठव.