मुंबईत घरी एमजीबीचं आतलं काम करायचं असेल तर सीटला हात शेवटी लावा

तुम्ही लिहिलंय की मामांची 1966 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघडी, दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दादरला तुमच्या बिल्डिंगखाली उभी आहे. सीट फाटल्यात, कार्पेट कुजलंय, दारांची पॅनेलं फुगलीत. हे घरच्या घरी जमेल का, आणि सीट शिवायला कुणाकडे टाकाव्यात, असा तुमचा प्रश्न आहे.

जमेल. माझ्याकडेही त्याच काळातली एमजीबी आहे. तिचं आतलं काम मी पार्ल्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि घराच्या गॅलरीत बसून केलं. पण सीट आत्ताच कुणाकडे टाकू नका. आपल्याकडे या गाडीचं आतलं काम म्हणजे आधी पाण्याचं काम. पाणी कुठून शिरतं ते सापडायच्या आत नवं कातडं आणि कार्पेट घातलं, तर पावसाळ्यानंतर तेच पुन्हा काढायची वेळ येते.

गाडी दसऱ्यानंतर उघडा आणि जूनच्या आत मिटवा. दमट हवेत सोल्यूशन (चिकटवायचा रबरी गोंद) नीट धरत नाही, रंगही नीट बसत नाही.

पहिलं काम बॅटरीचं. तुमच्या मॉडेलमध्ये सीटच्या मागे, झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली केबल पॉझिटिव्ह असते. आजच्या इलेक्ट्रिशियनचा हात सवयीने उलटा जातो, त्यामुळे आधी त्याला हे बजावून सांगा. मधे कुणी गाडी निगेटिव्ह अर्थवर बदलली असेल तर तेही तपासा. बॉडीची केबल सुटल्याशिवाय डॅशबोर्डमागे हात घालू नका. तिथल्या वायरींचे रंग ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या ठरलेल्या पद्धतीचे आहेत: तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट कायम चालू, पांढरी इग्निशनवरची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थ. एवढं पाठ असलं तरी निम्मी भीती जाते. सगळं उघडलंच आहे तर कडक होऊन तडकलेल्या वायरी आत्ताच बदला. कार्पेट चिकटल्यावर तिथे पोचणं फार जिकिरीचं होतं.

आता पाणी. काचेच्या पुढे बॉनेटच्या मागे हवेची जाळी आहे. तिच्यातून पडलेलं पाणी खालच्या पेटीत जमतं आणि एका रबरी नळीतून गिअरबॉक्सच्या बोगद्यात (दोन सीटमधल्या पत्र्याच्या उंचवट्याखाली) उतरून गाडीबाहेर जातं. गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर ती बारीक पानं या नळीत जाऊन बसतात, नळी तुंबते आणि पाणी हीटरमधून पायाशी येतं. लोक बिचारे हूडला, म्हणजे कापडी छताला, दोष देत बसतात. आधी नळी मोकळी करा, मग जाळीवर तांब्याभर पाणी ओतून खाली कुठे पडतंय ते वाकून बघा. त्यानंतर काचेखालचं रबर आणि हूडच्या कडा तपासा. दारात पाणी शिरणारच, ती रचनाच तशी आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. ती भोकं तारेने साफ करा. पॅनेलच्या मागे जाड प्लास्टिक लावा आणि नव्या हार्डबोर्डला, विशेषतः त्याच्या कडांना, आधी वॉर्निश पाजा. पॅनेल फुगतात ते कडांनी पाणी पितात म्हणूनच.

गाडीची जमीन उघडी पडली की स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, गंजावरचं फॉस्फोरिक ॲसिडचं औषध, मग प्रायमर आणि रंग. पण टोक आरपार गेलं, किंवा दाराखालचे सिल पोकळ वाजले, तर घरी काहीही करू नका. या गाडीला वेगळी चासी नाही आणि डोक्यावर पत्र्याचं छत नाही. ताकद सगळी सिलमध्ये आहे. ते काम वेल्डिंगच्या जाणकाराचं, तेही दारांच्या फटी आधी मोजून आणि बॉडीला आधार देऊन.

सीट काढताना रनरखाली (सीट सरकते त्या रुळांखाली) लाकडी पट्ट्या दिसतील. बहुतेक गाड्यांत त्या कुजलेल्या असतात आणि मेकॅनिक सरळ फेकून देतात. फेकू देऊ नका. सीटची उंची आणि तिचं सरकणं त्यांच्यावर आहे. जुनी पट्टी, तुकडे झालेली का असेना, सुताराकडे न्या आणि त्याच मापाची सागवानी करून घ्या. भोकांच्या आतूनही वॉर्निश लावा. बोल्ट इंची आट्यांचे आहेत, मिलिमीटरचा पाना लावलात तर डोकं गोल होतं. पाने आणि बोल्ट नागदेवी स्ट्रीटला शोधा.

कार्पेटचे कुजलेले तुकडेसुद्धा नंबर टाकून ठेवा, नव्याचा नमुना तोच. खाली ज्यूटचं फेल्ट घालू नका, ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा गंजवतं. पाणी न शोषणारा फोम बरा. बोगदा आणि सिलवरचे तुकडे एसआर सोल्यूशनने चिकटवा; खिडक्या-दारं उघडी ठेवून, आसपास ठिणगी नाही हे बघून. पायाखालचे तुकडे मात्र अजिबात चिकटवू नका. ते टिचबटणांवर बसवा, म्हणजे जुलैत काढून घरात वाळवता येतात.

आता सीट. त्या काळच्या सीटना बसायच्या भागावर कातडं, बाजूंना रेक्झिन आणि शिलाईवर वेगळ्या रंगाची पायपिंग (गोल किनार) होती. कातडं फक्त कोरडं आणि मळकट असेल तर ते वाचवा. सॅडल सोप, मऊ ब्रश, मग थोडं कंडिशनर, आणि सावलीत वाळवणं. साठ वर्षांपूर्वीच्या कातड्यावरच्या त्या बारीक सुरकुत्या नव्या कातड्यावर कोणी आणून देऊ शकत नाही, आणि मामांची गाडी म्हणून तुम्हाला तर त्या नक्कीच हव्या असतील. फाटलेला तेवढाच भाग बदलता येतो. धारावीत कातड्याच्या दुकानांत जुना तुकडा घेऊन जा आणि रंग दिवसाच्या उजेडात जुळवा. शिलाई उसवताना प्रत्येक तुकड्यावर मागून बाण काढा. पुन्हा शिवताना सुई जुन्याच भोकांतून घाला. शेजारी नवी भोकं पाडली तर कातडं त्या रेषेवर फाटतं. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा घ्या, सुती आपल्या हवेत कुजतो.

सगळंच गेलं असेल तरी घाबरू नका. एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे कव्हर आणि फोमचे तयार संच इंग्लंडमध्ये अजून मिळतात. फक्त पाठवणी आणि आयात शुल्क आधी हिशेबात धरा. इथेच शिवायचं ठरवलंत तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर सीटवाले आहेत. जुनं कव्हर आणि फोटो दोन्ही न्या, आणि फोम किती जाड ते स्वतः उभं राहून ठरवा. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून ते गुबगुबीत भरतात. या गाडीत दोन बोटं जास्त भरली तर मांड्या स्टीअरिंगला लागतात आणि नजर काचेच्या वरच्या चौकटीशी येते. कव्हर चढवण्याआधी नुसता फोम सीटवर ठेवून गाडीत बसून बघा, क्लच पूर्ण दाबा, आणि मगच शिवायला होकार द्या.