टोकियोत जुलै-ऑगस्टमध्ये गिन्झाचं गोल्डफिश कला-प्रदर्शन पाहायचं आहे. कधी जावं आणि मोबाइलवर फोटो कसे काढावेत?

शनिवार-रविवार टाळून सकाळच्या पहिल्या वेळेचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, आणि फ्लॅश पूर्ण बंद ठेवा. हे 'आर्ट अ‍ॅक्वेरियम' गिन्झा मित्सुकोशीच्या नव्या इमारतीत आठव्या मजल्यावर आहे. गिन्झा मेट्रो स्थानकातून थेट आत जाता येतं. साधारण २० जुलैनंतर शाळांना सुट्टी लागते आणि ऑगस्टच्या मध्यावर ओबोन (पूर्वजांच्या स्मरणाचा जपानी सण) येतो, तेव्हा दुपारी टाकीजवळ उभं राहणंही अवघड होतं.

दालनं अंधारी आणि दिवे रंग बदलणारे, त्यामुळे फोटो हलतात. मोबाइलचा नाइट मोड बंद करा (त्यात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हलणारा मासा पुसट येतो), प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग स्वतः निवडता येतात) शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० ठेवा, लेन्स टाकीच्या अगदी जवळ धरा म्हणजे मागचं प्रतिबिंब कापलं जातं. लाल-जांभळ्या उजेडात माशाचा खरा रंग कळतच नाही. पांढरा उजेड येईपर्यंत थांबा.

आणि एक, रानचू व तोसाकिन या गोल्डफिशच्या जपानी जाती वरून पाहा. एदो काळात (१६०३ ते १८६८) मासे मातीच्या कुंड्यांत ठेवत, म्हणून त्यांची निवड वरून दिसणाऱ्या रूपावर झाली: रानचूची वरचा पर नसलेली गुळगुळीत पाठ, तोसाकिनची पंख्यासारखी वळलेली शेपटी. हे सौंदर्य बाजूच्या काचेतून अर्धंच दिसतं.

मांडणी ऋतूनुसार बदलते आणि नियमही बदलू शकतात, तेव्हा निघण्याआधी त्यांचं संकेतस्थळ पाहा.