नियम कोणत्या चौकटीत राहतो? : सॉफ्टवेअरच्या गरजा मांडण्याविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमची छोटी कंपनी सहकारी दूध संस्थांसाठी संकलनाचे सॉफ्टवेअर तयार करते. सचिवांच्या मागण्यांची यादी आम्ही लिहून घेतो, त्यावर त्यांची सही घेतो, तरीही प्रत्येक डेमोच्या वेळी नवीन काहीतरी निघते आणि झालेला कोड मोडावा लागतो. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने, म्हणजे प्रत्येक गोष्टीची माहिती आणि तिचे काम एकत्र धरून, गरजा मांडल्यास हे टळेल का?

उत्तर : पूर्णपणे टळणार नाही, परंतु आज जे डेमोत निघते त्यातील बराचसा भाग सुरुवातीच्या बैठकांतच बाहेर काढता येईल. यादीची अडचण अशी की, तिच्यातील प्रत्येक कलम स्वतःपुरते बरोबर असते आणि दोन कलमांमधील संबंध मात्र कोठेच लिहिलेला नसतो. ‘फॅट व एसएनएफ (दुधातील फॅटखेरीज इतर घन घटक) पाहून दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढावी’ हे एक कलम आणि ‘दर दहा दिवसांनी बिल काढावे’ हे दुसरे. सचिव दोन्हींवर निःशंकपणे सही करतात. आता या वाक्यांतील नामे बाजूला काढा : सभासद, संकलनाची नोंद, दरपत्रक, बिल, कपात. प्रत्येक नामाची एक चौकट (म्हणजेच ‘क्लास’) काढा आणि तिने काय लक्षात ठेवायचे, कोणते काम करायचे, दुसऱ्या चौकटीशी तिचे नाते एकास एक आहे की एकास अनेक, हे विचारत जा.

दरपत्रकापाशी आलात की पहिला प्रश्न उभा राहतो. बिल १ ते १० तारखेचे आहे आणि ६ तारखेच्या संध्याकाळपासून दर बदलला, तर? दर ही एकच संख्या म्हणून ठेवली असेल, तर आधीच्या नोंदीही नव्या दराने मोजल्या जातील आणि सभासदाच्या हातातील पावती व बिल यांचा मेळ बसणार नाही. म्हणजे दरपत्रकाला लागू होण्याची तारीख आणि सत्र हवे, आणि आपली रक्कम कोणत्या दरपत्रकावर निघाली हे प्रत्येक नोंदीने धरून ठेवायला हवे. तसेच ‘दुधाचे प्रमाण’ किलोत की लिटरमध्ये? दुधाची घनता साधारण १.०३ असल्यामुळे काट्यावरचे १० किलो दूध लिटरमध्ये सुमारे ९.७ भरते, एकक न लिहिता नुसते ‘प्रमाण’ असे लिहून ठेवले, तर हा फरक रोज, प्रत्येक सभासदाच्या खात्यात पडत राहील. पुढे, पशुखाद्य आणि उचल यांची कपात बिलाच्या रकमेपेक्षा जास्त झाली, तर बाकी पुढच्या बिलात ओढायची की सभासदाच्या नावे येणे म्हणून वेगळी दाखवायची? याचे उत्तर सचिवांना ठाऊक असते, पण ते यादीत येत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ती सांगण्यासारखी गोष्टच नसते.

विकासाचा वेग वाढतो तो इथे. आकृती काढल्याने कोड लवकर लिहून होत नाही. कागदावरची चौकट खोडणे आणि चालू संस्थेच्या हजारो नोंदी नव्या रचनेत बसवणे, या दोन कामांतील फरक मात्र वाचतो.

प्रश्न : आधी युज केस लिहाव्यात की आधी क्लास डायग्राम, म्हणजे चौकटी व त्यांच्या नात्यांची आकृती, काढावा? आमच्या चमूत यावरून दोन तट पडले आहेत.

उत्तर : हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. युज केसची कल्पना इव्हार जेकबसन यांनी मांडली ती एरिक्सनमधील टेलिफोन यंत्रणांच्या कामातून. १९८७ च्या ऊप्स्ला या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगवरील परिषदेत ती जगापुढे आली. बाहेरची व्यक्ती यंत्रणेकडून कोणते काम करून घेते, हे ती सांगते. ते काम आत कोण पार पाडते, हे क्लास सांगतात. त्यामुळे एक युज केस लिहावी, लगेच तिच्यातील प्रत्येक वाक्य चौकटींवर फिरवून पाहावे, आणि ज्या वाक्याला जबाबदार चौकट सापडत नाही तेथे थांबावे.

‘दूध स्वीकारणे’ ही युज केस घ्या. सरळ मार्ग चार-पाच वाक्यांत संपतो. कस लागतो तो पर्यायी मार्गांत. वीज गेल्यामुळे यंत्रावर फॅट मोजता आली नाही, तर कर्मचारी हाताने आकडा भरणार का? भरणार असेल, तर ‘हा आकडा यंत्राचा की हाताचा’ हे नोंदीत राहायला हवे, आणि नंतर तो कोणी दुरुस्त करायचा हेही ठरायला हवे. एका पर्यायी वाक्याने क्लासमध्ये एक गुणधर्म आणि अधिकारांच्या यादीत एक ओळ वाढली. म्हणूनच केवळ सरळ मार्ग लिहिलेल्या युज केसना मी अपुऱ्या समजतो.

प्रश्न : ग्राहकाला यूएमएल (सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची ठरलेली चिन्हपद्धती) कळत नाही. मग आकृत्या कोणासाठी काढायच्या?

उत्तर : ग्राहकाला कळावी म्हणून यूएमएल शिकवत बसू नका. ओएमजी या मानके ठरवणाऱ्या संघटनेने १९९७ मध्ये स्वीकारलेली ही चिन्हपद्धती तुमच्या चमूच्या कामाची आहे. संस्थेच्या लोकांसमोर खऱ्या आकड्यांची उदाहरणे ठेवा : ‘सभासद क्रमांक ११२, सकाळ, गाय, ८.५ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.६’ अशी एक नोंद, शेजारी त्या दिवशी लागू असलेले दरपत्रक, आणि त्या नोंदीतून बिलापर्यंत जाणारा बाण. ‘याच सभासदाने त्याच सकाळी म्हशीचेही दूध आणले तर?’ असे विचारताच समोरचा माणूस स्वतःच दुसरी नोंद काढून दाखवतो.

दुसरा उपाय सीआरसी कार्डांचा आहे. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत एका कार्डावर क्लासचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याला लागणारे सहकारी, एवढेच लिहितात. बैठकीत एकेक कार्ड एकेकाच्या हाती द्यावे आणि एक दिवसाचे संकलन बोलून पार पाडावे. ज्याच्या कार्डावर मजकूर मावेनासा होतो, त्या क्लासवर नको तेवढा भार पडला आहे असे समजावे; बहुधा ते कार्ड ‘व्यवस्थापन’ अशा ढोबळ नावाचे असते.

प्रश्न : गायीचे दूध आणि म्हशीचे दूध यांसाठी ‘दूध’ या क्लासचे दोन उपक्लास करणे योग्य आहे ना? (एका विद्यार्थिनीचा प्रश्न)

उत्तर : वागणूक वेगळी असेल तरच. येथे दोन्हींचे मोजमाप सारखेच होते, फक्त दरपत्रक वेगळे लागते. तेव्हा प्रकार हा एक गुणधर्म पुरेसा आहे. गरजा मांडण्याच्या टप्प्यावर वारसा (इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासपासून उपक्लास काढणे) जितका कमी वापराल तितके बरे.

प्रश्न : आम्ही स्प्रिंटमध्ये, म्हणजे दोन-दोन आठवड्यांच्या छोट्या टप्प्यांत, काम करतो. एवढ्या मॉडेलिंगला वेळ कोठून आणायचा?

उत्तर : संपूर्ण संस्थेचे मॉडेल एकदम काढण्याची गरज नाही. पुढच्या स्प्रिंटला लागणाऱ्या तीन-चार चौकटी फळ्यावर काढा, छायाचित्र घेऊन ठेवा आणि नावे कोडमध्ये तीच वापरा. मात्र दरपत्रक, नोंद आणि बिल हा गाभा पहिल्याच स्प्रिंटपूर्वी नीट ठरवा, कारण पुढचे सगळे अहवाल त्यावरच उभे राहतात. आणखी एक गोष्ट क्लास डायग्राममध्ये कधीच दिसणार नाही : सकाळी कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या सभासदाला पावती किती सेकंदांत मिळाली पाहिजे, आणि इंटरनेट बंद असताना संकलन चालू राहिले पाहिजे की नाही. ती वेगळी लिहून, आकड्यांसह, सचिवांकडून मान्य करून घ्या.